शटर नि दोन कपाटं: फोंड्याकडच्या एका वर्कशॉपचा अनुभव, ५ पैकी ४

गोव्यातल्या साखळीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे, वह्या, रजिस्टरं, पेनं, झेरॉक्स. दुकानाचं शटर सासऱ्यांनी १९९४ साली बसवलेलं, खालच्या तीन पट्ट्या गंजून पापडासारख्या झालेल्या, आणि गेल्या पावसाळ्यात एका सकाळी वर उचलताना स्प्रिंगच तुटली, मुलगा खाली होता, त्याचा खांदा आठ दिवस दुखत होता. तेव्हाच ठरवलं की डागडुजी आता बस झाली, नवीन शटर करायचं आणि सोबत दोन लोखंडी कपाटं पण, कारण जुन्या लाकडी कपाटाला वाळवी लागून लाँगबुकांचा अख्खा गठ्ठा गेला होता.

चार ठिकाणी विचारलं. जवळच्या एका वेल्डरने तोंडी भाव सांगितला, गेज, म्हणजे पत्र्याची जाडी, किती विचारलं तर म्हणाला चांगलं जाड घालतो, काळजी करू नका. एका दुकानात तयार कपाट बघितलं, झाकायची कड हाताला कापत होती. ऑनलाईन कपाट साडेतीन हजारांनी स्वस्त मिळत होतं पण पत्रा ०.६ मिलिमीटरचा, आणि कागद ज्याने उचललाय त्याला माहीत आहे, ए-फोरचा एक रिम सव्वादोन-अडीच किलो भरतो, एका खणात पंचवीस रिम रचले की साठ किलो झाले, तेवढ्या वजनाला ०.६ चा खण मधे झोळ धरणारच. चौथं ठिकाण म्हणजे फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतलं हे वर्कशॉप. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली त्यांच्या चुका पण लिहिल्यात आणि त्यांनी मोकळेपणाने सांगितलेल्या घरातल्या गोष्टी पण.

क्वोटेशन लेखी आलं, तेच मला आधी आवडलं. शटर १० बाय ८, म्हणजे ८० चौरस फूट, गॅल्वनाईज्ड पट्टी, २८५ रुपये चौरस फूट, झाले २२,८००. कपाटं २० गेजची, साडेसहा फुटी, चार खण आणि आत लॉकर, एकाला १४,२००. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ६०,४१६, त्यात वाहतूक नि फिटिंग आलं. अर्धे आधी, अर्धे माल बसल्यावर. शटर बसवायला २२ दिवस लागतील असं लिहून दिलं होतं.

मी बघायला गेले नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत, मुलाला घेऊन. मालकांना सगळे भाई म्हणतात. मी गेल्या गेल्या गेज विचारलं तर त्यांनी खिशातून मायक्रोमीटर काढून माझ्याच हातात दिला, "वहिनी, भाव नंतर बघा, आधी हे बघा." पत्रा ०.९ भरला. गेजचं गणित उलटं असतं, नंबर मोठा तेवढा पत्रा पातळ, २० म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर आणि २२ म्हणजे ०.७, डोळ्याला काही फरक दिसत नाही, गिऱ्हाईक इथेच फसतं. वजनावरून पण कळतं, १ मिलिमीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो, त्यामुळे कपाट काट्यावर चढवलं की लपवायला काही राहत नाही. हे मला भाईंनीच शिकवलं, जो माणूस गिऱ्हाईकाला आपलं काम तपासायला शिकवतो त्याच्याकडे काम द्यावं असं माझं मत.

शेड मोठी, एकशे दहा-वीस फूट लांब असेल. मधोमध जमिनीवर एक नऊ इंच रुंद पट्टा आहे, बाकी कोबा जुना काळा पडलेला आणि हा पट्टा नवा पांढरट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ. मला वाटलं पाईप घातलाय. भाई म्हणाले, "इथे भिंत होती. अकरा वर्षं होती. मीच बांधली नि मीच पाडली."

त्या भिंतीचं ऐकून मी परत येताना गाडीत पूर्ण वेळ तोच विचार करत होते, म्हणून हा रिव्ह्यू लांबणार आहे.

भाई मूळचे आमच्याच डिचोली भागातले. आधी खाणीच्या टिपरांच्या बॉड्या बनवायचे, फाळके, कप्पे, वेल्डिंग, रात्री दहापर्यंत काम. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि टिपर दारात ताडपत्रीखाली उभे राहिले. आमच्या साखळीत ते वर्ष ज्यांनी काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको, माझ्या दुकानात डझनाने वह्या नेणारी माणसं दोन-दोन सुट्या नेऊ लागली, बँकेचे हप्ते नि शाळेची फी यातलं एक निवडायची वेळ लोकांवर आली. पुढे थोडं सुरू झालं आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद, आता लिलाव होऊन काही ठिकाणी चालू झालंय पण तो सगळा जुना विश्वास गेला तो गेलाच. भाईंनी २०१३ मध्येच ठरवलं की एकाच धंद्यावर मान ठेवायची नाही, आणि फोंड्याकडे येऊन शटरं, कपाटं, रॅक सुरू केले.

शेड घेतली आणि पहिल्या महिन्यातच मधे भिंत घातली. एका बाजूचं युनिट त्यांच्या नावावर, दुसऱ्या बाजूचं बायकोच्या नावावर. इकडे आठ माणसं, तिकडे सहा. कारण तेव्हाच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० माणसं झाली की तो कारखाना, मग लायसन्स, तपासणी, रजिस्टरं, सगळं. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तो पण १० ला लागतो, पीएफ २० ला. तर कोणीतरी जाणकाराने सल्ला दिला, दहाच्या आत राहा, सुखात राहाल.

आता या सुखाची किंमत बघा. पत्रा कापायचं मशीन इकडे, वेल्डिंग तिकडे, आणि मधे दार ठेवायची सोय नाही कारण दोन्ही युनिटं वेगळी दिसली पाहिजेत. म्हंजे कापलेला पत्रा दोघांनी उचलून बाहेर काढायचा, शेडला वळसा घालायचा, तिकडून आत न्यायचा. जून ते सप्टेंबर पावसातून. पत्र्याला ओल लागली की रात्रीत गंज धरतो, मग तो घासायला एक माणूस वेगळा. विजेचे दोन मीटर, दोन काँप्रेसर, दोन हिशेबाच्या वह्या, दोन ठिकाणी तीच ड्रिल बिटं. भाईंनी मोजलं होतं, एक कपाट पुरं होईपर्यंत पत्रा सात वेळा उचलला जायचा, आता तीन वेळा. चौदा माणसं मिळून दिवसाला दोन कपाटं व्हायची, आता तेरा माणसांत पाच होतात, कधी सहा. माणसं तीच, हात तेच, अंगमेहनत उलट कमी.

आपल्याकडे काय म्हणतात, आपला कामगार आळशी, चीनसारखं आपल्याला जमत नाही. मला हे ऐकलं की राग येतो. ओला पत्रा घेऊन शेडला वळसा घालणारा मुलगा आळशी कसा? तो दिवसभर घाम गाळत होता, फक्त त्याचा निम्मा घाम भिंतीभोवती फिरण्यात जात होता.

आणि ही भिंत एकट्या भाईंच्या डोक्यातली नव्हे. आम्हाला वाटतं १९९१ साली सगळं खुलं झालं. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी बजेट मांडलं, लायसन्सची पद्धत १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांना उठली, मी तेव्हा शाळेत होते, वडील रेडिओला कान लावून बसलेले आठवतात. पण कपाट खुलं व्हायला २०१५ उजाडलं! लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची एक यादी असायची, १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाली नि वाढत वाढत आठशेच्या वर गेली. त्या वस्तू मोठ्या कारखान्याने बनवायच्या नाहीत, आणि लहान कोण, तर मशिनरीत ठरलेल्या रकमेच्या आत गुंतवणूक असलेला, १९९९ पासून ती हद्द १ कोटी होती. म्हंजे चांगलं मशीन घेऊन तुम्ही हद्द ओलांडली तर तीच वस्तू बनवायचा हक्क धोक्यात, नाहीतर मोठा हिस्सा निर्यात करायची अट. यादी हळूहळू कमी होत गेली, शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये निघाल्या. ती शेवटची यादी मी मुलाकडून काढून घेतली आणि माझ्या दुकानात उभी राहून वाचली: वह्या नि रजिस्टरं, मेणबत्त्या, काडेपेट्या, अगरबत्ती, कुलपं, स्टीलची कपाटं, स्टीलच्या खुर्च्या, स्टीलची टेबलं, रोलिंग शटर, लाकडी फर्निचर. शिवाय पाव, लोणची, कपड्यांचा साबण, काचेच्या बांगड्या. माझ्या दुकानाचं दार, दाराचं कुलूप, आतलं टेबल, माझी बसायची खुर्ची आणि मी विकते तो माल, सगळं त्या यादीत. चोवीस वर्षं सुधारणांचं बोलणं चालू होतं तेव्हा मी त्या यादीच्या मधोमध बसून धंदा करत होते.

हेतू वाईट नव्हता, लहान माणसाचं पोट चालावं हाच होता, ते मी मान्य करते. पण लहान माणसाला लहानच राहायला बक्षीस दिलं तर तो मोठा कशाला होईल? त्यात १ एप्रिल २००१ पासून आयातीवरचे संख्येचे निर्बंध उठले, म्हंजे तीच वस्तू बाहेरच्या देशातल्या मोठ्या कारखान्यातून आणून विकायला मोकळीक, आणि इथल्या मोठ्या कारखान्याने बनवायला बंदी. वह्यांचं मी डोळ्याने बघितलंय, मोठ्या कंपन्या लहान छापखान्यांकडून वह्या करून घ्यायच्या, वर आपलं नाव छापायच्या, पैसा नावाला, आणि बांधणी करणारा होता तिथेच.

२०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत अशा धंद्यांना बुटके म्हटलं होतं, दहा वर्षांपेक्षा जुने पण शंभरपेक्षा कमी माणसांचे. संघटित कारखानदारीत संख्येने निम्मे तेच, आणि रोजगारात त्यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास. शब्द मला आवडला नाही, माणसाच्या कष्टाला असा शब्द लावू नये, पण आकडा विचार करायला लावतो. देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा ९१ पासून १५-१७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय, २०१४ मध्ये मेक इन इंडिया सुरू झालं तेव्हा २५ टक्क्यांचं लक्ष्य होतं. ते का जमलं नाही याच्यावर मोठी मोठी माणसं बोलतात, मला त्यातलं थोडं त्या नऊ इंची पट्ट्यावर उभी राहून कळलं.

भिंत २०२४ मध्ये पाडली. कायदा बदलला म्हणून नव्हे, एका हॉटेलकडून कामगारांच्या साठ लॉकरची ऑर्डर आली आणि दोन्ही युनिटं मिळून ती वेळेत होईना, शिवाय हॉटेलला एकच बिल नि फॅक्टरी लायसन्स पाहिजे होतं. बायको म्हणाली, किती दिवस माझ्या नावाची अर्धी शेड ठेवणार, पाडा ती भिंत. मग लायसन्स काढलं, सगळ्यांना ईएसआय केला, राजकोटहून पत्रा वाकवायचं मशीन आणलं, कर्ज तारणाशिवाय मिळालं कारण त्याला सरकारी ट्रस्टची हमी असते, २००० सालापासून ती योजना आहे पण भाईंना ती कळली २०२३ मध्ये. तेवीस वर्षांनी!

मी गेले त्याच्या थोडे दिवस आधी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने कामगार कायदे त्यात आले. आता विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २० माणसांना कारखाना, आणि माणसं कमी करायला सरकारची परवानगी १०० ऐवजी ३०० वर. भाईंना विचारलं बरं वाटलं का. म्हणाले, "बरं वाटलं, पण आता काय होणार माहीत आहे? जो नऊवर थांबायचा तो एकोणीसवर थांबणार."

मला दोन्ही बाजू दिसतात. तिथे एक जुने फिटर आहेत, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नाहीत, हातप्रेसमध्ये गेली, तेव्हा ते दुसऱ्याच कुठल्या आठ माणसांच्या शेडमध्ये होते, ना ईएसआय ना भरपाई, मालकाने पाचशे रुपये दिले नि रिक्षात बसवलं. म्हणून दहाचे वीस केले याचा मला नुसता आनंद करता येत नाही. तपासणी कागदांची न करता हातांची केली तर मालक पण पळणार नाही आणि बोटं पण वाचतील. भाईंकडे नव्या मशीनला दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत, एक हात आत असताना ते खाली येतच नाही. सगळ्यांच्या हातात मोजे होते, वेल्डिंगवाल्यांना काच होती. ग्राइंडरवरचा एक मुलगा बिनचष्म्याचा दिसला, मी सांगितलं, लगेच घातला.

आता स्टोअर. ही माझी आवडती जागा. भिंतीवर फळी आहे आणि फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, पक्कड नसली तर पक्कडीच्या आकाराची रिकामी जागा दिसते, विचारावं लागत नाही. खाली डब्यांवर नंबर. हे सगळं सांभाळते एक पंचविशीची मुलगी, वाळपईकडची, बी.कॉम., मला काकी म्हणाली. तिच्याकडे रजिस्टर आहे, कोणी काय नेलं, कधी परत आलं, पत्र्याचा तुकडा किती उरला. आधी म्हणे रोज अर्धा-पाऊण तास नुसता शोधाशोधीत जायचा नि उरलेले तुकडे भंगारात, आता त्या तुकड्यांतून लॉकरची दारं निघतात. स्टॉक पण अर्ध्यावर आलाय, म्हंजे पैसा पत्र्यात अडकून गंजत नाही.

मुंबईजवळ तारापूरकडच्या कापड गिरण्यांवर एक प्रसिद्ध अभ्यास आहे, स्टॅनफर्ड नि वर्ल्ड बँकेच्या लोकांनी केलेला, २०१३ मध्ये छापला. त्यांनी काही गिरण्यांत फुकट सल्लागार पाठवले आणि फक्त अशाच साध्या गोष्टी करायला लावल्या, सुटे भाग नीट लावा, बिघाडाची नोंद ठेवा, सूत किती पडून आहे ते लिहा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. त्यात अजून एक गोष्ट निघाली ती मला जास्त खरी वाटते: गिरणी किती मोठी होणार हे मालकाच्या घरात भाऊ नि मुलगे किती यावर ठरत होतं, कारण बाहेरच्या माणसावर चावी सोडायचा विश्वासच नाही. भाईंना भाऊ नाही, एकच मुलगी, ती बेंगळुरूला. त्यांनी चावी वाळपईच्या या पोरीच्या हातात दिली. ती म्हणाली, "काकी, पहिले तीन महिने रोज संध्याकाळी भाई स्वतः मोजून बघायचे, मग एक दिवस मोजायचे विसरले, मग बंदच केलं." मी तिला म्हटलं अगो, तू या शेडचा अर्धा खांब आहेस.

बरं, आता चुका. २२ दिवसांचे ३१ झाले. नऊ दिवस उशीर, आणि त्यातले चार दिवस फोन उचलला नाही हे मला जास्त लागलं, उशीर झाला तर सांगावं, दुकान अर्धं उघडं टाकून मी रात्री मुलाला आत झोपवत होते. कारण नंतर कळलं, शटरची स्प्रिंग बसवणारा कारागीर एकच, तो ओडिशाला घरी लग्नाला गेला नि आठवड्याने उशिरा आला. स्प्रिंगचं काम धोक्याचं असतं, ताण चुकला तर माणूस जखमी होतो, त्यामुळे दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. पण हीच तर अडचण, एवढं चांगलं वर्कशॉप आणि एक हुन्नर एकाच माणसाच्या हातात. फर्मागुडीच्या आयटीआयमधून मुलं शिकायला येतात, वेल्डिंग चांगलं करतात, वर्ष झालं की सरकारी नोकरीचे फॉर्म भरायला लागतात. त्यांना तरी दोष कसा देऊ, आई-बापांनी खाणीचं २०१२ बघितलंय, पक्का पगार कोणाला नको? आता दोन मुलांना स्प्रिंगचं काम शिकवायला घेतलंय असं भाई म्हणाले, ते खरोखर झालं तर पुढच्या गिऱ्हाईकाचे नऊ दिवस वाचतील.

दुसरं, एका कपाटाच्या बिजागरीकडे रंगाला ओरखडा होता. पावडर कोटिंग म्हणजे पावडर उडवून भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजायची, तो रंग नखाने निघत नाही, पण भाजताना मधेच लाईट गेली तर अख्खी खेप खरखरीत होते, सगळी परत घासायची. माझ्या कपाटांच्या दिवशी दोनदा लाईट गेली. पहिली खेप त्यांनी स्वतः बाद केली, ते चांगलं केलं, पण दुसऱ्या खेपेतल्या ओरखड्यावर नुसता स्प्रे मारून पाठवलं. मी दाखवल्यावर दार काढून नेलं नि सहा दिवसांनी नवीन कोटिंग करून आणलं, पैसे घेतले नाहीत. भट्टीपुरता जनरेटर घ्यायचा तर डिझेलचा खर्च कपाटामागे चढतो आणि मग गिऱ्हाईक ऑनलाईनच्या ०.६ कडे वळतं, हे पण खरं.

तिसरं, बिलावर माझा जीएसटी नंबर चुकला, दुरुस्त बिल यायला अकरा दिवस. स्टोअर एवढं नीट आणि ऑफिसात मात्र गठ्ठे, ते बघवत नाही.

जीएसटीबद्दल तक्रारी पुष्कळ ऐकते, माझ्याही आहेत, पण एक सांगते, पत्रा कर्नाटकातून घाट उतरून येतो आणि आधी नाक्यावर ट्रक तासनतास उभे असायचे, १ जुलै २०१७ नंतर ते विक्रीकराचे नाके उठले, भाई म्हणतात गाडी सांगितलेल्या दिवशी येते, पावसात दरड पडली तरच अडते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा कर शून्य झाला, ज्या आया हिशेब करून वही घेतात त्यांच्या चेहऱ्यावर मी तो फरक बघितलाय.

पैशाचं पण लिहिते कारण ते कोणी लिहीत नाही. मी उरलेले अर्धे त्याच संध्याकाळी दिले. भाई म्हणाले एका मोठ्या गिऱ्हाईकाचे सात महिने राहिलेत. कायदा २००६ पासून आहे, लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, आणि १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्ये पण आलंय, वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. माझ्यासारख्या व्यापाऱ्याचे पैसे कोणी थकवले तर ते लागू नाही, पण भाई माल बनवतात, त्यांना आहे. तरी मागायची हिंमत होत नाही, पुढची ऑर्डर जाईल म्हणून. सात महिने अडकलेल्या पैशात जनरेटर आला असता, तो आला असता तर माझं दार दोनदा भाजावं लागलं नसतं. साखळी अशी जोडलेली असते.

मालाबद्दल शेवटचं. शटर आता एका हाताने वर जातं, मी पन्नाशीची बाई, मला मुलाची वाट बघावी लागत नाही. पहिल्या आठवड्यात वरून घासल्यासारखा आवाज यायचा, माणूस आला, ताण सारखा केला, गाईडला ग्रीस लावलं, गेला. कपाटांच्या कडा दुमडलेल्या आहेत, हात फिरवला तर लागत नाही, खणात पंचवीस रिम ठेवलेत, तीन महिने झाले, दोरी लावून बघितलं, झोळ नाही. गंजाचं मी आज सांगणार नाही, आमचा पावसाळा एक काढल्याशिवाय गोव्यात लोखंडाला मार्क द्यायचे नसतात, एक मार्क त्यासाठी नि उशिरासाठी मिळून कापलाय. तुम्ही कुठेही काम द्या, क्वोटेशनवर गेजऐवजी मिलिमीटर लिहून घ्या, कपाट काट्यावर चढवायला सांगा, आणि पैसे वेळेत द्या. चवथीच्या आधी पाहिजे असेल तर मे महिन्यातच सांगा, जुलैत त्यांच्याकडे जागा नसते.

परवा स्टोअरमधल्या पोरीचा फोन आला होता. काकी, सहा रजिस्टरं पाहिजेत, दोनशे पानी, रकाने मोठे असलेली, आमच्याकडे बाजूची एक शेड घेतोय, माणसं सतरा होणार. मी म्हटलं बांधून ठेवते, उद्या सकाळच्या कदंबात कंडक्टरकडे देते, फोंड्याच्या स्टँडवर कोणीतरी उभं राहा.